दत्तारामचा अंगठा

या अंकाच्या संपादकांनी मला यापूर्वी दोनदा लिहायला लावलं. दोन्ही वेळा मी गमती लिहिल्या. एकदा क्लबच्या पार्किंगमध्ये शिरून बसलेल्या उंटाची, आणि एकदा बायकोच्या वाढदिवसाला तिला रायफल भेट देणाऱ्या गृहस्थाची. लोक हसले, पत्रं आली. जे लिहायला हवं होतं ते मी दोन्ही वेळा बाजूला ठेवलं. या वर्षी संपादकांचा फोन आला तेव्हा म्हटलं, "लिहितो, पण गमती नाहीत." ते म्हणाले, "पाटणकर, थोडं तरी खुसखुशीत असू द्या." बघतो. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि हे मी आता कुणाच्या सोयीसाठी पुढे ढकलणार नाही.

मी सरकारी दारूगोळा कारखान्यात बावीस वर्षं काढली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुबईला गेलो. शहरापासून पाऊण तासावर, वाळवंटात, एक खासगी शूटिंग क्लब होता. त्याच्या मालकांना रायफलची काडतुसं भरून देणारा जाणकार माणूस हवा होता. मालक म्हणजे तिथल्या लष्करातून निवृत्त झालेले मेजर. त्यांच्या मोठ्या मुलाचं नाव सालेम, म्हणून सगळे त्यांना बू सालेम, म्हणजे सालेमचे वडील, म्हणत. त्यांनी मला एक खोली दिली, जाड भिंतींची, एसीची, दाराला दोन कुलपं. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्या खोलीत मी तेरा वर्षं काम केलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, काडतूस म्हणजे गोळी. गोळी हा त्याचा फक्त टोकाचा भाग. खाली पितळी नळी असते, नळीत दारू असते आणि नळीच्या बुडाशी, मधोमध, मसुरीच्या दाण्याएवढी धातूची वाटी बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. कारखान्यात आम्ही कॅप म्हणायचो. रायफलची पिन त्या वाटीवर आपटते, आतला मसाला पेटतो, त्याने दारू पेटते आणि गोळी सुटते. गोळी उडवल्यावर पितळी नळी मागे उरते. ती फेकायची नसते. जुना प्रायमर काढायचा, तो बसतो ती खळी साफ करायची, नवा बसवायचा, मोजून दारू घालायची, वर नवी गोळी. निशाणेबाजांना विकतच्या काडतुसांपेक्षा अशी भरलेली जास्त आवडतात, कारण प्रत्येक वार सारखा बसतो.

या सगळ्यात लोक दारूला घाबरतात. मी दारूला कधी घाबरलो नाही. दारू सांगून जळते. प्रायमर सांगत नाही.

प्रायमरच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळायच्या. एक निवड, दुसरी बैठक. आधी बैठक सांगतो. प्रायमर नळीच्या बुडापेक्षा केसभर आत बसला पाहिजे. वर राहिला तर रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा लोखंडी दट्ट्या, बंद होतानाच त्याच्यावर आदळतो. जोर लावून चेपला तर आतला मसाला तडकतो. म्हणून हातपत्त्याने, म्हणजे प्रायमर बसवायच्या हातातल्या छोट्या अवजाराने, हळू दाबायचा, तो तळाला टेकल्याचं हाताला कळतं तिथे थांबायचं, मग बुडावरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला खळगा लागला पाहिजे. उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला.

निवडीचं जरा अवघड आहे. एकाच मापाच्या, एकाच चकाकीच्या दोन प्रायमरमध्ये एकाची वाटी मऊ असते, दुसऱ्याची कडक. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलला मऊ चालतो. पण काही जुन्या लष्करी रायफली आपोआप पुढचं काडतूस आत घेतात. त्यांचा बोल्ट स्प्रिंगच्या जोराने धाडकन पुढे येतो आणि त्यांच्यातली पिन मोकळी असते, त्या झटक्याने ती प्रायमरला टिचकी मारून जाते. कडक वाटीवर नुसता ठिपका उमटतो. मऊ वाटी असेल, तर बोल्ट बंद व्हायच्या आतच काडतूस फुटू शकतं. म्हणून नियम असा की प्रायमर कंपनीच्या डबीतून काढून दुसऱ्या कशात भरायचा नाही, आणि कुठल्या डबीतला हे सांगता येत नसेल तो वापरायचाच नाही.

हा नियम मी एका माणसाला फार मोठ्या आवाजात शिकवला होता. डॉक्टर नबील, सीरियाचे, दातांचे डॉक्टर. ते आमच्या खोलीत बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरत. एके दिवशी बघतो तर त्यांनी सोयीसाठी दोन-तीन डब्यांतले प्रायमर कॉफीच्या बरणीत ओतून ठेवलेले, आणि बरणी हलवून ते मला आवाज ऐकवतायत.

मी आधी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. मग म्हटलं, "डॉक्टर, ती बरणी हळूच टेबलावर ठेवा आणि मागे व्हा."

"मिस्टर पाटणकर, मी रोज लोकांच्या तोंडात ड्रिल घालतो. मला हात स्थिर ठेवायला शिकवू नका."

"तुमच्या हाताबद्दल शंका नाही. बरणीबद्दल आहे. एक फुटला तर नुसता आवाज होईल. हे सगळे एकदम फुटतील."

त्यांचा चेहरा उतरला. त्या बरणीतला एकही प्रायमर मी परत वापरू दिला नाही, सगळे नियमाप्रमाणे नष्ट करायला दिले. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आपली काडतुसं भरायची अवजारं घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "खलास. आजपासून माझी काडतुसं तुम्ही भरायची." मला केवढा अभिमान वाटला होता! बरणीची गोष्ट मी नव्या मेंबरांना कितीतरी वर्षं सांगत असे.

आता दत्ताराम.

दत्ताराम शिवगण संगमेश्वरकडचा. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. साइटवर शटरिंगचं काम करताना खांदा दुखावला, म्हणून तो आमच्या क्लबवर साफसफाईला लागला होता. एकदा माझं टेबल पुसताना थांबला आणि म्हणाला, "साहेब, हितला स्क्रू वर आलाय." मला काही दिसेना. स्टीलची पट्टी टेकवून पाहिली तर खरंच, कागदाच्या जाडीएवढा वर होता. मी त्याच दिवशी मेजरना सांगून त्याला माझ्या हाताखाली घेतला.

चार वर्षांत तो प्रायमर बसवण्यात माझ्या पुढे गेला. मेजर कधी पाहुणे घेऊन आले की खेळ करायचे. पन्नास नळ्यांत एक मुद्दाम किंचित वर ठेवलेली मिसळायची आणि दत्तारामला डोळे मिटायला लावायचं. तो अंगठा फिरवत जायचा आणि ती एक नळी काढून द्यायचा. (त्या नळ्यांत वापरून झालेले प्रायमर असत, हे सांगून ठेवतो.) एकदा मेजर खूश होऊन म्हणाले, "दत्ता, ये अंगूठा हमको बेचो."

"नाय सर," दत्ताराम म्हणाला, "वाइफ को पूछना पडेंगा."

शुक्रवारी तो शहरात, करामाला, आमच्या घरी जेवायला असायचा. माझा मुलगा तेव्हा ऊद मेथाच्या शाळेत जायचा. दत्ताराम त्याच्याशी मराठीत बोलायचा, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि दोघांचं उत्तम जमायचं.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती मी जशी झाली तशी लिहिणार आहे.

दरवर्षी पोलीस खात्याची माणसं येऊन आमची खोली तपासत. त्या वर्षी तपासणीच्या सकाळी मी कपाट आवरत होतो. प्रायमर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये येतात, प्रत्येकाला आपला खण. कपाटात अर्धे-पाव भरलेले सात-आठ ट्रे साठले होते. आमच्या घरात अर्धा डबा म्हणजे आळस. रव्याची दोन अर्धी पाकिटं दिसली की हात आपोआप ती एका डब्यात भरतात. मीही तेच केलं. उरलेसुरले एकेक उचलून रिकाम्या खणांत भरत गेलो. त्यातले काही मऊ होते आणि ते कडक प्रायमरच्या डबीत गेले. मला ते माहीत होतं. वर चिठ्ठी लावायची होती, "फक्त हाताच्या बोल्टसाठी". कागद फाडला, पेन शोधत होतो, तेवढ्यात बाहेरून मेजरची हाक आली, "पाटणकर, यल्ला, जल्दी! वो लोग आ गया!" मी डबी मिटली, मागे सारली आणि दार उघडायला गेलो.

बरणी नव्हती, खणाखणांचा ट्रे होता, म्हणून मी नियम मोडतोय असं मला वाटलंही नाही. तपासणीला आलेला अधिकारी कपाट बघून म्हणाला, "मुमताज." म्हणजे उत्कृष्ट.

तीन आठवड्यांनी क्लबची मोठी स्पर्धा होती. नवीन माल जहाजातून उतरला होता, पण परवान्याच्या कागदासाठी खोर फक्कानच्या बंदरात अडकला. मेजर रोज फोन करायचे आणि तिकडून रोज उत्तर यायचं, उद्या, इन्शाल्ला. बुधवारी मी कपाट उघडलं. मागे एक भरलेली डबी दिसली, वर कडक प्रायमरचं नाव. मला बरंच वाटलं. ती दत्तारामच्या हातात दिली आणि सांगितलं, डॉक्टरांच्या रायफलची काडतुसं यातून कर. डॉक्टरांची रायफल म्हणजे तीच, मोकळ्या पिनेची.

अर्ध्या तासाने दत्ताराम हातपत्ता घेऊनच माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, ह्यातले काय काय वायले लागतायत." वायले म्हणजे वेगळे.

"वर राहतायत?"

"नाय नाय. बसतायत बरोबर. पन बसताना हाताला वायले लागतात. सगळे येकाच डबीतले ना?"

"डबीवरचं वाचता येतं ना तुला?"

"व्हय. वाचलंय."

"मग यल्ला. शुक्रवारी डॉक्टर काय तुझ्या अंगठ्याची कहाणी ऐकायला येणार आहेत?"

तो हसला. "बरं," म्हणाला, आणि परत जाऊन बसला.

मला त्या वेळी ती राहून गेलेली चिठ्ठी आठवली होती का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता उत्तरावर माझाच भरवसा नाही. स्पष्ट आठवली नव्हती. पण काहीतरी टोचलं. उठून भिंग घेऊन डबीत बघायला दोन मिनिटं लागली असती. मी उठलो नाही. एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी मॅगझिन लावलं आणि बोल्ट सोडला. त्यांचं बोट घोड्यापासून लांब होतं, हे मी स्वतः पाहिलं. तरी धडाका झाला. बोल्ट पूर्ण बंद झालेला नव्हता, त्यामुळे सगळा जोर मागे आणि बाजूने बाहेर आला. पितळेचे तुकडे उडाले. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. उजवा हात मात्र फाटला. जखम भरली, पण दोन बोटं पुढे कधी पूर्ण मिटली नाहीत. दातांच्या डॉक्टरांचा उजवा हात! मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा ते बँडेजकडे बघत म्हणाले, "मिस्टर पाटणकर, माझी बरणीच बरी होती." त्यांना काहीही माहीत नव्हतं, ते विनोद करत होते. पुढे ते कॅनडाला गेले. त्यांच्याशीही मी खरं बोललो नाही.

त्या दुपारी मी खोलीचं दार लावून उरलेलं प्रत्येक काडतूस तपासलं. सगळ्यांची बैठक बिनचूक होती, एकही वर नव्हता. मग भिंगाखाली पाहिलं. काहींची कड किंचित गोलसर, बाकीच्यांची सपाट. दोन जाती. डबी मीच भरलेली. फुटलेल्या काडतुसाच्या चिंध्या झाल्या होत्या, त्यावरून कुणालाच काही सिद्ध करता येणार नव्हतं.

संध्याकाळी मेजरनी मला बोलावलं. "पाटणकर, तू एक्स्पर्ट. तू लिख. क्या हुआ?"

मी इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. त्यात एक वाक्य होतं: एका काडतुसातला प्रायमर पूर्ण खाली बसलेला नसण्याची शक्यता दिसते. "शक्यता" हा शब्द मी जपून निवडला, कारण त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही. उरलेली काडतुसं तपासली, ती सगळी बरोबर होती, हे लिहिलं नाही. प्रायमर कोण बसवतो हे मेजरना मी सांगायची गरजच नव्हती. मग ती डबी आणि उरलेली काडतुसं मी नियमाप्रमाणे नष्ट करायला दिली. नियम त्या दिवशी माझ्या फार उपयोगी पडले.

का केलं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की मुलगा दहावीला होता, माझा व्हिसा गेला असता तर त्याचं वर्ष गेलं असतं. ते खरं होतं. पण कारण ते नव्हतं. बरणीची गोष्ट सांगणारा माणूस मी होतो. त्या गोष्टीतला डॉक्टर व्हायची माझी तयारी नव्हती.

दत्तारामचा व्हिसा रद्द झाला. पोलीस केस झाली नाही, मेजरनी तेवढं सांभाळलं. एअरपोर्टवर मीच त्याला सोडायला गेलो. गाडीत तो सबंध वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, मी परत्येकावरनं फिरवला होता."

मी म्हणालो, "माणूस आहे, चुकतं."

पुढच्या शुक्रवारी ताटं मांडताना मुलाने विचारलं, "बाबा, व्हाय इज दत्ता अंकल नॉट कमिंग?" मी म्हटलं, "गावी गेलाय." बायको माझ्याकडे बघत राहिली. तिलाही मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी खोलीचे नियम आणखी कडक केले. अर्धा ट्रे दुसऱ्यात मिसळायचा नाही, तो संपत नसेल तर नष्ट करायचा. बसवणाऱ्याने "वेगळं लागतंय" म्हटलं की काम तिथेच थांबवायचं, मग स्पर्धा राहिली तरी चालेल. मी निघेपर्यंत पुन्हा अपघात झाला नाही. मेजरनी मला त्याबद्दल फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं. ते माळ्यावर आहे, भिंतीवर कधी लावलं नाही.

परत आल्यावर वर्षभराने मी संगमेश्वरला गेलो. पुण्याहून एसटीने, मुद्दाम एकटा. काय बोलायचं ते ठरवून, वाक्य न् वाक्य घोकत गेलो होतो. दत्ताराम वाटेवर उभाच होता. केस पांढरे झाले होते. त्याने माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, "आमचे दुबयचे साहेब!"

त्याच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, घावणे केले. दत्ताराम पाणी आणायला मागे गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तरी सांगा ह्यांना. कुलूप लावतात नि चार-चार वेळा परत जाऊन बगतात. दुधाच्या टोपावर झाकन ठेवलं की त्येच्यावरनं अंगठा फिरवतात. हितं ग्यारेजात काम मिळालं होतं. येकेक नटबोल्ट दहा-दहा वेळा तपासायचे. मालक म्हनाला, बाबा, गिऱ्हाईक खोळंबतंय, तू घरीच र्‍हा."

मी घावण्याचा तुकडा तोडला. तो तसाच हातात राहिला.

दत्ताराम तांब्या घेऊन आला, माझ्यासमोर बसला आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने हात जोडले.

"साहेब, येक बोलायचं र्‍हायलंय. आज तुमी आलात म्हनून बोलतो. माज्या हातनं येक वर र्‍हायला. मला कळला नाय. डाक्टरांचा हात गेला, नि तुमच्या खोलीला डाग लागला. तुमी मला झाडलोटीतनं उचलून शिकवलंत, नि मी असं केलं. माफ करा."

त्याचे डोळे भरले होते. सुगंधाबाई दारात उभ्या होत्या. मला बोलायला पूर्ण वेळ होता. कुणी हाक मारली नाही, कुणाचा फोन आला नाही, एसटीलाही तास होता. आणि मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे दत्ताराम. झालं ते झालं. मी कधीच मनात ठेवलं नाही."

मी त्याला माफ केलं. आणि त्याने सुस्कारा सोडला, बायकोकडे बघून हसला, मला आणखी दोन घावणे वाढायला लावले.

दोन वर्षांपूर्वी दत्ताराम गेला. मेजर त्याआधीच गेले. क्लबच्या जागी आता गोदामं आहेत, असं मुलगा सांगतो. तो रिपोर्ट कुठल्या फायलीत असेल तर तिथे माझी सही असेल, आणि तिथलं ते वाक्य खोटं आहे. ते मी इथे छापून खोडतो. हा अंक हातात आला की मी संगमेश्वरला जाणार आहे. सुगंधाबाईंच्या ओट्यावर बसून, वाडीतल्या चार माणसांसमोर, हे पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. मुलगा म्हणतो पोस्टाने पाठवा, तुमचे गुडघे बघा. मी पोस्टाने पाठवणार नाही.

पण ते वाचन त्याच्या बायकोसाठी आणि वाडीसाठी. त्याच्यासाठीचं वेगळं होतं. त्या दिवशी एसटीत मी जे घोकत गेलो होतो आणि तसंच्या तसं परत घेऊन आलो, ते असं होतं:

दत्ताराम, तू त्या दिवशी विचारलंस ते बरोबर होतं. ते एका डबीतले नव्हते. ती डबी मी भरली होती, आणि चूक तुझ्यावर ढकलली. तुझा अंगठा एकदाही चुकला नाही. मला माफ कर.